केसपेपरवरचा रिकामा रकाना

जोगेश्वरीत राहणाऱ्या माणसाची झोप रुग्णवाहिकेच्या भोंग्याने मोडत नाही. कानाला सवय झालेली असते. एका अंगाला पश्चिम रेल्वेचे रूळ, दुसऱ्या अंगाला पश्चिम द्रुतगती महामार्ग, त्याला येऊन मिळणारा जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता आणि टेकडीच्या उतारावर एकावर एक चढत गेलेली घरं. लोकलमधून पडलेला कॉलेजचा मुलगा, दुचाकीवरून घसरलेला डिलिव्हरी बॉय, परांचीवरून कोसळलेला मजूर, पोटमाळ्याच्या शिडीवरून पाय सुटलेली आजी असे अपघाताचे सगळे प्रकार या छोट्याशा पट्ट्यात भेटतात. महापालिकेने बाळासाहेब ठाकरे ट्रॉमा केअर रुग्णालय इथे, महामार्गालगत उभारलं ते उगाच नाही.

अपघातात किती माणसं गेली याचा आकडा आपल्याकडे दरवर्षी छापून येतो. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गावर अलीकडच्या काळातही वर्षाला दोन हजारांहून अधिक मृत्यू होतात. हे आकडे पोलिसांच्या नोंदींतून येतात. त्यांत एका प्रश्नाचं उत्तर मात्र नसतं. जी माणसं रुग्णालयाच्या दारात जिवंत पोहोचली आणि तरीही वाचली नाहीत, ती का वाचली नाहीत?

नातेवाइकांना आपण डॉक्टर याची तीन उत्तरं देतो. मार फार होता. आणायला उशीर झाला. आम्ही सगळे प्रयत्न केले. बऱ्याचदा ती खरी असतात. पण कधी कधी चौथंही एक उत्तर असतं आणि ते कोणी बोलत नाही. वाचवता आला असता.

‘पण तो बोलत होता ना?’

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी इंटर्न होते. रुग्णालयाचं नाव महत्त्वाचं नाही, कारण त्या काळी ते कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयात घडू शकलं असतं. संध्याकाळच्या गर्दीत लोकलमधून पडलेला विशी-बाविशीचा एक मुलगा कॅज्युअल्टीत आला. शुद्धीवर होता, स्वतःचं नाव सांगत होता, पाणी मागत होता. त्याच वेळी दुसऱ्या स्ट्रेचरवर डोक्याला मार लागलेला, रक्ताने माखलेला एक माणूस होता. सगळे तिकडे धावले. मुलाच्या केसपेपरवर कोणीतरी ‘जनरल कंडिशन फेअर’ असं लिहिलं. नाडीचा रकाना रिकामा. रक्तदाबाचा रिकामा. श्वासाचा तर रकानाच नव्हता.

दीड तासाने तो बोलेनासा झाला. पोटात रक्तस्राव होत होता. प्लीहा फाटली होती. शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचलाच नाही. त्याच्या आईने मला एकच विचारलं, ‘पण तो बोलत होता ना?’ मी मान हलवली. त्यापुढचं माझ्याकडे काही नव्हतं.

ही आठवण मी इतकी वर्षं बाळगली, पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे. एका डॉक्टरला सलणारा एक मृत्यू हा अपवाद आहे की रोजचा पायंडा, हे त्या डॉक्टरला कळू शकत नाही. एका रुग्णालयालाही नीट कळत नाही. आपल्याकडचा प्रत्येक मृत्यू त्याला वेगळाच वाटतो. त्या दिवशी रक्त नव्हतं, त्या दिवशी सीटी स्कॅन बंद होतं, त्या दिवशी गर्दी होती. पायंडा दिसायला अनेक रुग्णालयांच्या नोंदी एकाच पद्धतीने लिहून शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात. आपल्या देशात ते काम फार उशिरा सुरू झालं, पण झालं. त्याचा मोठा भाग मुंबईत झाला.

चार रुग्णालयं, एक नोंदवही

२०१३ मध्ये मुंबईतली केईएम आणि शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय, दिल्लीच्या एम्सचं जयप्रकाश नारायण ट्रॉमा सेंटर आणि कोलकात्याचं एसएसकेएम अशा चार रुग्णालयांनी मिळून जखमी रुग्णांची एक सामाईक नोंदवही सुरू केली. स्वीडनमधली कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूट ही वैद्यकीय संस्था त्यांच्यासोबत होती. प्रकल्पाचं नाव ‘टूवर्ड्स इम्प्रूव्ह्ड ट्रॉमा केअर आउटकम्स इन इंडिया’, म्हणजेच ‘टिटको’. जखमींवरच्या उपचारांचा शेवट भारतात अधिक चांगला व्हावा, एवढाच त्या नावाचा अर्थ. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रुग्णालयातील शल्यचिकित्सक डॉ. नोभोजित रॉय आणि कॅरोलिन्स्काचे डॉ. मार्टिन गर्डिन ही त्यातली ठळक नावं.

वाचकाला वाटेल, नोंदी ठेवण्यात काय मोठं? सरकारी रुग्णालयाची कॅज्युअल्टी पाहिलेल्याला तसं वाटणार नाही. एकाच वेळी पाच जखमी, त्यांच्यामागे तीस नातेवाईक, पोलिस, एमएलसीची वही, आणि या सगळ्याला तोंड द्यायला दोन रेसिडेंट आणि एक सिस्टर. अशा वेळी रक्तदाब मोजला तरी तो लिहायचा राहतो. महिन्याभराने रेकॉर्ड रूममधून तो केसपेपर काढला तर त्यातून काही कळत नाही.

म्हणून टिटकोने उपचार करणारा आणि नोंद करणारा वेगळा ठेवला. प्रत्येक रुग्णालयात आरोग्यशास्त्राचं शिक्षण घेतलेला एक प्रशिक्षित माणूस आळीपाळीने सकाळ, संध्याकाळ आणि रात्रपाळीत कॅज्युअल्टीत उभा राहायचा. तो कोणाला सुई टोचणार नव्हता, कोणाला सल्ला देणार नव्हता. फक्त पाहायचं आणि लिहायचं. अपघात किती वाजता झाला, रुग्ण किती वाजता दारात आला, पहिला रक्तदाब किती, नाडी किती, मिनिटाला श्वास किती, हाक मारल्यावर डोळे उघडतो का, सीटी किती वाजता झालं, शस्त्रक्रिया किती वाजता. त्याच्या पाळीबाहेर आलेल्या रुग्णांची माहिती लगेच पुढच्या दिवसांत केसपेपरवरून घ्यायची. रुग्ण घरी जाईपर्यंत, दगावेपर्यंत किंवा तीस दिवस पूर्ण होईपर्यंत त्याचा माग ठेवायचा. नुसता हात किंवा पाय मोडलेले रुग्ण यातून वगळले होते. जिवावर बेतू शकेल असा मार हाच विषय होता. दर आठवड्याला चारही ठिकाणचे लोक ऑनलाइन बैठकीत बसून नोंदी तपासत.

२०१५ पर्यंत सुमारे १६,००० जखमींची माहिती जमली. रुग्णांची ओळख काढून टाकून ती पुढे सर्वांसाठी खुली केली गेली. त्यामुळे पुण्यातला एखादा विद्यार्थीही ती घेऊन स्वतःचा प्रश्न तिला विचारू शकतो. माझ्या मते हे या प्रकल्पाचं सर्वांत मोठं दान आहे. आपल्याकडे आरोग्याची माहिती जमते खूप, पण ती कपाटात राहते.

मार मोजायचा कसा?

दोन रुग्णालयांची तुलना करायची तर आधी मार मोजता आला पाहिजे. ज्या रुग्णालयात जास्त गंभीर रुग्ण येतात तिथे मृत्यू जास्त होणारच. म्हणून ते रुग्णालय वाईट असं म्हणणं अन्यायाचं. त्यासाठी १९७४ पासून ‘इन्ज्युरी सिव्हिअरिटी स्कोअर’ नावाचं मोजमाप वापरात आहे. शरीराचे सहा भाग मानायचे. प्रत्येक भागातल्या सर्वांत मोठ्या इजेला गुण द्यायचे. मग सर्वाधिक इजा झालेल्या तीन भागांच्या गुणांचे वर्ग करून त्यांची बेरीज घ्यायची. ही बेरीज जास्तीत जास्त ७५ होते. ८ पर्यंत सौम्य, ९ ते १५ मध्यम, १६ ते २५ तीव्र आणि त्याहून वर अतितीव्र.

त्याच वर्षी आलेलं दुसरं मोजमाप म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल या तिन्ही गोष्टींना गुण देऊन शुद्धीचा अंदाज घ्यायचा. पूर्ण शुद्धीत असलेल्याला १५, काहीच प्रतिसाद नसलेल्याला ३. या दुसऱ्या मोजमापाला यंत्र लागत नाही. पेन लागतं आणि दोन मिनिटं लागतात.

२,५२३ मृत्यूंचा ताळेबंद

या कामातून निघालेला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा निबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉ. रॉय आणि सहकाऱ्यांनी देशातल्या पाच मोठ्या शहरी रुग्णालयांतल्या दीड वर्षातल्या मृत्यूंचा हिशेब मांडला. दाखल झालेले जखमी ११,६७१. तीस दिवसांच्या आत दगावलेले २,५२३. म्हणजे दाखल झालेल्या दर पाचांमागे एकाहून थोडे अधिक, २१.६ टक्के.

इथपर्यंत हा आकडा होता. त्यानंतर त्यांनी जे केलं त्याला धैर्य लागतं. ज्यांची पुरेशी माहिती होती अशा २,०५७ मृत्यूंपैकी प्रत्येक मृत्यू त्यांनी पुन्हा उघडला आणि जाणत्या डॉक्टरांसमोर ठेवून विचारलं, हा टाळता आला असता का? अमेरिकेतल्या किंवा स्वीडनमधल्या सोयी धरून नव्हे. भारतातल्या रुग्णालयात जे शक्य आहे तेवढंच गृहीत धरून. चांगले उपचार म्हणजे काय हेही त्यांनी आधी ठरवून घेतलं. त्यासाठी वापरतात ती पद्धत सोपी पण शहाणपणाची आहे. प्रत्येक तज्ज्ञ आपलं मत स्वतंत्रपणे देतो, मग सगळ्यांची मतं सगळ्यांसमोर येतात, पुन्हा मत घेतलं जातं. असं करत करत एकमताजवळ पोहोचायचं. त्यामुळे खोलीतल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाचं मत आपोआप सगळ्यांचं होत नाही. आपल्या रुग्णालयांतल्या उतरंडीची ज्यांना कल्पना आहे, त्यांना याचं मोल कळेल.

उत्तर आलं ५८ टक्के. म्हणजे जवळपास १,२०० माणसं, जी दारात जिवंत आली होती आणि जी वाचू शकली असती.

त्याहून अस्वस्थ करणारा आकडा पुढे आहे. ज्यांचा मार ‘सौम्य’ गटातला होता, त्यांच्यातले ७१ टक्के मृत्यू टाळता येण्याजोगे होते. हे मी वाचलं तेव्हा मला तो मुलगा आठवला. बोलणारा, पाणी मागणारा, ‘फेअर’ म्हणून बाजूला ठेवलेला. तो अपवाद नव्हता.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. हा गुणांक सापडलेल्या इजांवरून काढतात. ज्याचं सीटी किंवा शस्त्रक्रिया व्हायच्या आतच निधन झालं, त्याची आतली इजा कागदावर येतच नाही आणि त्याचा मार कागदोपत्री सौम्य दिसतो. म्हणजे ‘सौम्य’ गटातले काही जण प्रत्यक्षात गंभीर असू शकतात. शिवाय घटना घडून गेल्यावर कागद वाचणाऱ्याला सगळंच स्पष्ट दिसतं. रात्री तीन वाजता समोर पाच स्ट्रेचर असताना तसं दिसत नाही. म्हणून ५८ हा आकडा कोणाच्या डोक्यावर मारायची काठी म्हणून वापरू नये. पण तो निम्मा केला तरी उरतो तो फार मोठा आहे.

चुकलं काय?

मेंदूचा गंभीर मार आणि भाजणं हे टाळता न येणाऱ्या मृत्यूंचं मोठं कारण निघालं. टाळता येण्याजोग्या मृत्यूंत मात्र दोन गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या. एक, श्वासमार्ग नीट मोकळा ठेवला गेला नाही. याचं प्रमाण १४.३ टक्के. दुसरी, रक्तस्राव थांबवून शरीरातलं अभिसरण सावरण्यात कमी पडलो, १६.३ टक्के. त्याशिवाय कोणत्या रुग्णासाठी कोणत्या क्रमाने काय करायचं याचे लेखी नियम नसणं, असले तरी ते न पाळणं, रुग्णालयात येईपर्यंतचा उशीर आणि आल्यावर सीटी-सोनोग्राफीसाठीचा उशीर.

ही यादी पुन्हा वाचा. यात कोट्यवधींचं यंत्र नाही. परदेशातून आणायचं औषध नाही. जीभ मागे पडून बंद झालेला श्वास मोकळा करणं, वाहणारं रक्त दाबणं, वेळेत शिरेत द्रव आणि रक्त देणं, ‘आता पोट उघडायचं’ हा निर्णय वेळेत घेणं. हे सगळं एमबीबीएसच्या पुस्तकात आहे. फक्त ते त्या क्षणी, त्या रुग्णाला, क्रमाने मिळायला हवं.

दीड टक्क्यासाठी वीस हजार रुग्ण

अनेक देशांनी एकत्र येऊन केलेल्या संशोधनाने एका साध्या औषधाचं काय केलं, तेही सांगते. ट्रानेक्झामिक ॲसिड हे औषध जपानमधल्या उताको आणि शोसुके ओकामोतो या डॉक्टर दाम्पत्याने शोधलं, गेल्या शतकाच्या मध्यावर. रक्त गोठून गाठ बनते. ती विरघळवणारी यंत्रणाही शरीरात असते. मोठ्या अपघातात कधी कधी ही विरघळवणारी बाजू फार लवकर जागी होते आणि नुकती धरलेली गाठ सुटते. हे औषध त्या विरघळण्याला अडथळा करतं. पाळी जास्त जाणाऱ्या स्त्रियांना आम्ही हे वर्षानुवर्षं देत आलो आहोत. महाग नाही.

अपघातातल्या रुग्णांना त्याचा उपयोग होतो का, हे ठरवायला ‘क्रॅश-२’ नावाची चाचणी झाली. तिचं केंद्र लंडनमध्ये होतं, पण त्यात ४० देशांतली २७४ रुग्णालयं होती, भारतातली अनेक. २०,२११ रुग्ण. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तसंच दिसणारं नुसतं द्रावण; कोणाला काय मिळालं हे रुग्णालाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. २०१० मध्ये निकाल आला. औषध न मिळालेल्यांत १६ टक्के मृत्यू, मिळालेल्यांत १४.५ टक्के.

शंभरात दीड माणूस. एवढा फरक एखाद्या रुग्णालयाला, कितीही हुशार डॉक्टर असला तरी, जन्मात दिसला नसता. दोनशे रुग्णांत तो योगायोगात बुडून जातो. वीस हजारांत तो वर येतो. पुढच्याच वर्षी त्याच माहितीतून आणखी एक गोष्ट निघाली. पहिल्या तासाच्या आत औषध दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळपास एक-तृतीयांशाने कमी होतात; तीन तासांनंतर दिलं तर उलट धोका वाढलेला दिसतो. एकच बाटली, एकच मात्रा. फरक फक्त घड्याळाचा.

आता मघाच्या केसपेपरकडे या. अपघात किती वाजता झाला हे त्यावर लिहिलेलंच नसेल, तर हे औषध द्यायचं की नाही, हे ठरवायचं कशावरून?

शिकवलेलं उपयोगी पडतं का?

जगभर अपघाताच्या उपचारांचा क्रम आज ज्या अभ्यासक्रमातून शिकवतात, त्याची सुरुवात एका अपघातातच आहे. फेब्रुवारी १९७६ मध्ये जेम्स स्टायनर हे अमेरिकन शल्यचिकित्सक स्वतः चालवत असलेलं छोटं विमान नेब्रास्कातल्या शेतात कोसळलं. पत्नी जागीच गेली, मुलं गंभीर जखमी झाली. जवळच्या छोट्या रुग्णालयात मुलांवर ज्या पद्धतीने उपचार झाले ते पाहून हा माणूस हादरला. त्यातून १९७८ मध्ये पहिला प्रशिक्षण वर्ग झाला आणि दोन वर्षांनी अमेरिकेतल्या शल्यचिकित्सकांच्या संस्थेने तो स्वीकारला. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, मग मेंदू. जे आधी मारतं ते आधी सांभाळा, असा त्याचा गाभा. आज तो ‘एटीएलएस’ म्हणून ओळखला जातो.

गंमत अशी की, दशकं लोटली, लाखो डॉक्टरांनी हा वर्ग केला, पण या प्रशिक्षणाने रुग्णांचे मृत्यू खरोखर कमी होतात का, हे काटेकोर तुलना करून कोणी तपासलंच नव्हतं. डॉक्टरांचं ज्ञान वाढतं, हे दिसलं होतं. पण परीक्षेतले गुण आणि वॉर्डातले जीव यांत अंतर असतं. ही तपासणी आता भारतात होते आहे. टिटकोतल्याच भारत-स्वीडन मंडळींच्या पुढाकाराने ३० रुग्णालयांत ४,३२० रुग्णांवर आधारलेली चाचणी आखली गेली. रुग्णालयांना टप्प्याटप्प्याने प्रशिक्षण मिळतं, आणि कोणाला ते आधी मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. प्रत्येक ठिकाणी प्रशिक्षणाआधीचे आणि नंतरचे मृत्यू मोजायचे. निकाल ‘उपयोग होतो’ असा आला तर सरकारी डॉक्टरांच्या प्रशिक्षणावर खर्च करा म्हणायला हातात पुरावा येईल. ‘होत नाही’ असा आला, तर तो पैसा रक्तपेढी, रुग्णवाहिका किंवा माणसांवर वळवता येईल. दोन्ही उत्तरं कामाची आहेत.

सहकार्याची किंमत

परदेशी संस्था आणि आपली रुग्णालयं एकत्र आली की लोकांच्या मनात शंका येते, आणि ती यावीच. आपले रुग्ण, आपली माहिती, आणि नाव त्यांचं असं पूर्वी झालेलं आहे. म्हणून असा कोणताही प्रकल्प दिसला की मी चार प्रश्न विचारते. प्रश्न कोणी ठरवला? स्थानिक रुग्णालयाच्या नैतिकता समितीने त्याला मंजुरी दिली का? बेशुद्ध रुग्णाच्या वतीने कोणी विचार केला? आणि निघालेलं ज्ञान त्याच वॉर्डात परत आलं का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं आता पूर्वीपेक्षा बरी मिळतात. चौथ्याचं उत्तर अजून ठिकठिकाणी अडकलेलं आहे. निबंध छापून येतो, पदोन्नतीत मोजला जातो आणि कॅज्युअल्टीतल्या रेसिडेंटला त्याचा पत्ताही नसतो.

दुसरी किंमत आतली आहे. मृत्यूचा कागद पुन्हा उघडायचा तर भीती वाटते. पोलिस, कोर्ट, वर्तमानपत्र, वरिष्ठ. ‘कोण चुकलं’ हा प्रश्न पहिला आला की सगळे रकाने झटपट भरले जातात, खोटे भरले जातात. ‘काय चुकलं’ हा प्रश्न पहिला आला तरच खरं लिहिलं जातं. पाच रुग्णालयांनी आपापले मृत्यू एकमेकांसमोर ठेवले, हे म्हणूनच मला कोणत्याही नव्या यंत्रापेक्षा मोठं वाटतं.

अपघात समोर घडला तर

या संशोधनातलं निम्मं शहाणपण रुग्णालयाबाहेरच उपयोगी पडणारं आहे. जोरात रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी त्यावर ठेवून हाताने घट्ट दाबून धरा. थांबलं का, हे पाहायला सारखं उचलू नका. आत रुतलेली वस्तू ओढून काढू नका. तिच्या कडेने दाबा.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. त्याचा श्वास चालू आहे का ते आधी पाहा. तोंडात रक्त किंवा उलटी असेल तर मान न पिळता डोकं, पाठ, कंबर एका रेषेत धरून दोघा-तिघांनी त्याला कुशीवर वळवा.

१०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही सेवा जानेवारी २०१४ पासून आहे. मदत करणाऱ्याला पोलिस त्रास देतील ही भीती आता बाळगू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदतकर्त्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यातच आले. तुमचं नाव-पत्ता सांगण्याची सक्ती तुमच्यावर नाही.

आणि एक छोटी गोष्ट. घड्याळ पाहा. अपघात किती वाजता झाला हे रुग्णालयात सांगा, शक्य असेल तर चिठ्ठीवर लिहून रुग्णाच्या खिशात ठेवा. रेल्वेतून पडला की गाडीने उडवला, किती उंचीवरून पडला, मध्ये बेशुद्ध झाला होता का. तुमच्याशिवाय हे कोणालाच माहीत नसतं.

आता नव्या इंटर्न मुलामुलींची तुकडी आली की पहिल्या दिवशी मी त्यांना एक कोरा केसपेपर दाखवते आणि त्यावरचे रकाने मोठ्याने वाचायला लावते. वेळ, नाडी, रक्तदाब, श्वास, शुद्ध. कोणीतरी हसतं, कारण ते शाळेतल्यासारखं वाटतं. मग मी त्यांना सांगते की जो रुग्ण ओरडतोय त्याच्याकडे तुम्ही जाणारच आहात. जो शांतपणे पाणी मागतोय, त्याचे रकाने आधी भरा.